अर्धशक्ती आणि अरवलीचा चढ
(उदयपूरच्या सायकल-फेरीच्या निमित्ताने)

रुग्णास 'व्यायाम करा' असे सांगणे सोपे. किती करावा हे सांगणे कठीण. शास्त्राने त्यासाठी अर्धशक्तीचे मान दिले आहे. श्वास नाकातून सुटून मुखाने घ्यावा लागणे, कपाळ, नासिका, कक्षा व सांधे या ठिकाणी स्वेद प्रकट होणे, ही तिची लक्षणे आपण विद्यार्थिदशेत कंठस्थ केलेली असतात. ती प्रत्यक्ष पारखण्यास योग्य असा एक मार्ग आमच्या पाहण्यात आला, त्याचा परिचय वैद्यबंधू-भगिनींस करून द्यावा म्हणून हा लेख.

उदयपूर ही सरोवरांची नगरी. महाराणा उदयसिंह यांनी ती १५५९ मध्ये वसविली असे मानतात. पिछोला तलाव त्याहूनही जुना. नगराच्या पश्चिमेस अरवलीच्या टेकड्या अगदी तलावांना येऊन भिडल्या आहेत. त्यामुळे येथे पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेरच्या एका फेरीत पाळेवरचा सपाट रस्ता, मध्यम चढ आणि लांब उतार हे तिन्ही लाभतात.

प्रारंभ अंबामाता परिसरातून करावा. मदनमोहन मालवीय शासकीय आयुर्वेद महाविद्यालय याच भागात आहे, तेव्हा आपल्यापैकी कोणास तेथे जाण्याचा योग आलाच तर फेरी दारातूनच सुरू होते. तेथून फतेहसागराच्या पश्चिम काठाने राणी रोड जातो. रस्ता जवळजवळ सपाट, उजव्या हातास पाणी. सरोवरातील बेटावर सौर वेधशाळा दिसते. भोवतालच्या पाण्यामुळे तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथर तेथे कमी होते आणि सूर्यबिंब स्थिर दिसते, म्हणून ती पाण्यात उभारली आहे. जलसान्निध्याने हवेत किती फरक पडतो, हे पटविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

पुढे शिल्पग्राम लागते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या लोककलाग्रामात राजस्थान-गुजरातच्या घरांशेजारी महाराष्ट्र व गोव्यातील पारंपरिक घरेही उभी आहेत. हवाला गाव मागे पडले की रस्ता टेकड्यांत शिरतो आणि बडीच्या तलावाकडे चढउतार सुरू होतात. हा तलाव सतराव्या शतकात महाराणा राजसिंह यांनी बांधविला आणि मातोश्रींच्या नावावरून त्यास जियान सागर म्हटले. बडी येथेच क्षयरुग्णालय आहे. राजयक्ष्म्याच्या रुग्णांसाठी नगराबाहेरची ही टेकड्यांतील मोकळी जागा निवडली गेली, याचे वैद्यास नवल वाटू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सायकलवर सपाटीस स्वेदाचे लक्षण फसवे ठरते. वेगामुळे अंगावर सतत वारा लागतो, घाम सुटताच वाळतो आणि आपण श्रमलोच नाही अशा समजुतीत मनुष्य अर्धशक्ती ओलांडून जातो. चढावर मात्र वेग पायी चालण्याइतका उतरतो, वारा पडतो आणि स्वेद जागच्या जागी दिसू लागतो. सपाटीस सायकलस्वाराचा विरोध प्रामुख्याने हवा करते. चढावर स्वतःचे व सायकलचे वजन वर उचलावे लागते. म्हणूनच स्थूल पुरुषास सपाटी सुखाची आणि तोच चढ असह्य वाटतो. त्यास पहिल्या दिवशी बडीपर्यंत धाडू नये. राणी रोडचा टप्पा पुरा करून परतावे, मुखाने श्वास सुरू झाला की खाली उतरून सायकल हाती धरून चालावे. अशा वेळी उतरण्यात कमीपणा कसला? सज्जनगडाचा चढ तर या फेरीत आम्ही मुळीच धरलेला नाही. १८८४ च्या सुमारास बांधलेला तो महाल खालूनच पाहावा.

संधिगत वाताच्या रुग्णास सायकल बहुधा मानवते, कारण देहभार बैठकीवर राहतो. परंतु जड गिअरमध्ये सावकाश, जोर लावून चढ चढल्यास गुडघ्याच्या वाटीवर मोठा ताण येतो. हलका गिअर, जलद पाय आणि पेडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी उंच बैठक, एवढे पाळल्यास पुष्कळ तक्रारी टळतात. निघण्यापूर्वी गुडघ्यांस कोमट तेलाचा अभ्यंग करावा, तोही रिकाम्या पोटी. घामेजल्या अंगाने उतार उतरताना वारा बाधतो, म्हणून चढ संपताच छाती व कान झाकून घ्यावेत. पौष-माघात उदयपूरचे पहाटेचे तापमान अनेकदा दहा अंशांखाली जाते.

ऋतूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टेकड्या हिरव्यागार आणि तलाव तुडुंब असतात ते श्रावण-भाद्रपदात. पर्यटकांस तोच काळ रमणीय वाटतो. पण वर्षाऋतूत अग्नी मंद, बल हीन आणि आयास वर्ज्य! अर्धशक्तीचा व्यायाम सांगितला आहे तो शीतकाळात व वसंतात. आमचे मत स्पष्ट आहे : निरोगी तरुणाने पावसात सौंदर्य पाहावयास जरूर जावे, परंतु मंद गतीने, निम्मेच अंतर. वैद्याने लेखी व्यायाम म्हणून ही फेरी सुचवावयाची ती मार्गशीर्षापासून पुढे. वसंतात कफशमनार्थ ती विशेष उपयुक्त, मात्र चैत्रात ऊन चढण्यापूर्वी परतावे.

वेग उतरला की दृष्टी रस्त्याच्या कडेस जाते. पळस, खैर, कागदासारखी साल सुटणारी शल्लकी, अशी अरवलीची कोरडी रानसंपदा ओळखण्याचा छंद चढावर आपोआप जडतो. गुग्गुळाचे क्षुप हे राजस्थान-गुजरातच्या याच शुष्क पट्ट्याचे अपत्य. निर्यास अधिक मिळावा म्हणून खोल छेद देण्याच्या हव्यासाने ती वनस्पती आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. योगराज व त्रिफळा गुग्गुळ करणाऱ्या औषधनिर्मात्यांनी मालाचा भाव विचारताना तो कोठून, लागवडीतून की रानातून आला, हेही विचारावे.

परतीस बडी रस्त्याने नीमच मातेच्या टेकडीखालून फतेहसागराच्या पाळेवर येता येते. डिसेंबरच्या २१ ते ३० या काळात शिल्पग्रामात उत्सव भरतो आणि त्या बाजूस वाहनांची दाटी होते. हेमंतातील फेरीचा बेत करणाऱ्यांनी ते दहा दिवस वगळावेत, अथवा सूर्योदयासच निघावे.