मांजरीचे पाणी आणि मत्स्यपेटीतील नायट्रेट : एक मागोवा

घरगुती मत्स्यपेटीत नायट्रेट वाढले की त्याचा दोष जास्तीचे खाद्य, माशांची दाटी आणि टाळलेली स्वच्छता यांना देण्याचा प्रघात आहे. तो निराधार नाही. पण पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरीसारख्या गावात तो अर्धेच सत्य सांगतो. येथील अनेक घरांत पेटीत ओतले जाणारे पाणी बोअरचे किंवा टँकरचे असते, आणि ज्या जमिनीत ते मुरलेले असते तिच्यात गेली सुमारे दीडशे वर्षे कालवा, ऊस, खत आणि सांडपाणी यांच्या वाटेने नत्र उतरत आले आहे. त्यामुळे मांजरीतील मत्स्यपेटीच्या नायट्रेटची चौकशी करायची, तर ती या पाण्याच्या इतिहासातूनच करावी लागते.

नायट्रेट म्हणजे नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचे तीन अणू यांचा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून प्रथम अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे पुढे नायट्रेट होते. पहिले दोन पदार्थ माशांना अल्प प्रमाणातही घातक असतात, कारण अमोनिया कल्ल्यांना इजा करतो आणि नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्यामानाने सौम्य असले, तरी साचत जाणारे आहे. ते उडून जात नाही, गाळाबरोबर तळाशी बसत नाही आणि साध्या फिल्टरमध्ये अडकतही नाही.

या ज्ञानाच्या वाटचालीत एका पितापुत्रांच्या जोडीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये सोनेरी मासे, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून परस्परांच्या आधाराने टिकणाऱ्या काचेच्या पेटीचा प्रयोग मांडला, आणि घरगुती मत्स्यपेटीची परंपरा पुष्कळशी तेथून सुरू झाली. त्यांचे त्याच नावाचे पुत्र पुढे रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात जमिनीतील नत्राचे नायट्रेट कसे होते याचा अभ्यास करू लागले. वडिलांच्या पेटीत जे घडत होते त्याचे स्पष्टीकरण मुलाच्या शेतात सापडावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक सुंदर घटना आहे. दरम्यान १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोजिंग आणि म्युंट्झ यांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपवून, क्लोरोफॉर्म दिल्यावर नायट्रेट तयार होणे थांबते असे दाखवले आणि ही क्रिया सजीवांची आहे हे सिद्ध केले. विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढले. पुढे शतकभर मत्स्यपेटीत नायट्राइट संपवणारा जिवाणू नायट्रोबॅक्टर हाच, असे पुस्तकांतून छापले जात राहिले. १९९८ मध्ये प्रत्यक्ष पेट्यांच्या तपासणीत मात्र नायट्रोस्पिरा या वेगळ्या गटाचे प्राबल्य आढळले, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिराही सापडले.

पेटीतला हा प्रवास मांजरीच्या शिवारात कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालू होता. खडकवासल्याचे धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेले आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात आले, तसा येथे ऊस स्थिरावला. ऊस हे नत्राचे भुकेले पीक. ती भूक भागवण्यासाठी पुणे नगरपालिकेने मैल्यापासून तयार केलेले सोनखत कालव्याखालचे बागायतदार विकत घेऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मांजरीच्या सरकारी शेतावर उसाच्या खतांचे आणि पाण्याचे प्रयोग होत असत. शहराने खाल्लेल्या अन्नातील नत्र पूर्वेच्या शेतांत परत जावे, अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्यातील शहाणपण मान्य करावे लागते.

रासायनिक खतांच्या काळात या व्यवस्थेचे मोजमाप बदलले. महाराष्ट्रातील आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते हे धरले, तर ही मात्रा सुमारे ८७० किलो युरियाइतकी होते. पाटाने सोडलेल्या पाण्याबरोबर त्यातील काही भाग मुळांच्या खाली उतरतो, कारण मातीचे कण ऋणभारित असतात आणि नायट्रेटही ऋणभारित असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही. या गळतीवर ठिबकातून थोडे-थोडे खत देण्याचा उपाय ज्या संस्थांनी पुढे आणला त्यांपैकी एक मांजरीतच आहे; १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून स्थापन झालेली ती संस्था १९८९ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. मांजरीतच १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले. द्राक्ष बागायतदार वेलीला नत्र पुरेसे मिळते की नाही हे पाहण्यासाठी देठ परीक्षण करून घेतात, आणि त्यात देठातील नायट्रेटच्या रूपातले नत्र मोजले जाते. म्हणजे मत्स्यपेटीचा मालक ज्या पदार्थाला हैराण होतो तो मोजण्याची सवय या गावातील शेतीला त्याच्या आधीपासून आहे.

नत्राचा दुसरा ओघ सांडपाण्याचा. १९६१ मध्ये पानशेत धरण फुटल्यानंतर नवा मुठा उजवा कालवा झाला आणि जुना कालवा बेबी कालवा या नावाने मागे उरला. अलीकडच्या काळात मुंढव्याला नदीवर बंधारा आणि जॅकवेल उभारून महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी या बेबी कालव्यात उचलून सोडले जाते, आणि ते मांजरीवरून लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन या दिशेने शेतीला जाते. प्रक्रियेचा हेतू मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्याचा असतो. नत्र वेगळे काढण्यासाठी खास टप्पा नसेल, तर त्याचा बराचसा भाग पाण्यातच राहतो. सोनखताच्या काळात जे नत्र बैलगाडीतून मोजून-मापून येत होते ते आता पाण्यात विरघळून, मागणीचा विचार न करता येते. मुळा-मुठेला दरवर्षी विळखा घालणारी जलपर्णी याच सुपीकतेवर पोसली जाते.

तिसरा बदल वस्तीचा आहे. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी एक. पण इमारती त्याच्या कितीतरी आधी उठल्या होत्या, आणि नळ व ड्रेनेज मागाहून येण्याच्या काळात बोअर आणि सेप्टिक टँक हीच सोय होती. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून व मुरमाच्या थरातून वाहते, आणि जेथे खडकावरचा थर पातळ असतो तेथे वरचे पाणी फारसे गाळले न जाता बोअरपर्यंत पोचू शकते. बसाल्ट खडकात नायट्रेटचा स्वतःचा साठा नसतो. त्यामुळे अशा बोअरमध्ये ते मोठ्या प्रमाणात आढळले, तर त्याचा उगम बहुतेक वेळा शेत, गोठा किंवा मैला यांपैकी कशात तरी असतो.

ही शंका केवळ मांजरीपुरती नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसला तरी तिच्यात सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने ही मर्यादा ओलांडणारे होते. या मर्यादेमागे तान्ह्या मुलांच्या प्राणाची काळजी आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ह्या मुलांचे अंग निळे पडणे यांचा संबंध प्रथम दाखवला. मत्स्यपेटीच्या चौकशीत घरच्या नळाचे, म्हणजे पेटीत भरले जाणारे पाणी सदोष ठरले, तर ती बाब माशांपुरती राहत नाही आणि घरातील पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे आवश्यक होते.

चौकशीचे पहिले पाऊल म्हणजे पेटीतले पाणी आणि नळाचे पाणी एकाच दिवशी, एकाच किटने तपासणे. थेंबांच्या किटमध्ये सहसा दोन बाटल्या असतात आणि त्यांपैकी एकीतील द्रव्य तळाशी बसते; ती अर्धा मिनिट जोराने हलवली नाही, तर नायट्रेट भरपूर असूनही नळी पिवळीच राहते आणि मालकाची फसगत होते. ४० आणि ८० यांच्या तांबड्या छटा डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात; तेव्हा नमुन्याच्या एका भागात आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी तीन भाग मिसळून आलेला आकडा चौपट करणे अधिक भरवशाचे ठरते. आणखी एक घोटाळा एककाचा आहे. काही अहवाल नायट्रेट लिहितात, काही नायट्रेटमधील नत्र; दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर पहिला मिळतो, म्हणून १० आणि ४४ हे दोन आकडे एकाच पाण्याचे असू शकतात.

नळाचा आकडा हाती आला की पाणी बदलण्याचे गणित उलगडते. एखाद्या पेटीत आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलले जाते असे धरले, तर नायट्रेटविरहित पाण्याने भरलेल्या पेटीतील पातळी बदलण्यापूर्वी ४० च्या आसपास स्थिरावते. भरण्याच्या पाण्यातच ३० असतील, तर तीच पेटी तितकीच निगा राखूनही ७० वर स्थिरावते आणि कितीही बादल्या ओतल्या तरी ३० च्या खाली जाऊ शकत नाही. सर्वसाधारण माशांसाठी २० ते ४० पर्यंतची पातळी व्यवहारात चालवून घेतली जाते. पिलांना आणि डिस्कससारख्या नाजूक जातींना त्याहून कमी लागते. दर रविवारी पाणी बदलूनही किटचा तांबडा रंग हटत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कुटुंबाला हे साधे गणित कोणीतरी सांगायला हवे.

घरात प्रचलित असलेले बरेचसे उपाय येथे निरुपयोगी आहेत. तुरटीने गढूळपणा जातो, नायट्रेट जात नाही. उकळल्याने पाणी आटते, म्हणून त्याचे प्रमाण उलट वाढते. कोळशाचा फिल्टर आणि कडकपणा घालवणारा सॉफ्टनर यांचाही त्यावर परिणाम होत नाही. आरओ यंत्र मात्र नायट्रेट पुष्कळ प्रमाणात कमी करते, आणि इथेच एक घातक काटकसर शिरते. यंत्राचे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत साठवून फरशीला वापरणे योग्य आहे, पण तेच पेटीत ओतले तर गाळून काढलेले नायट्रेट दाट होऊन माशांपाशी येते. पेटीसाठी यंत्रातून गाळून आलेले पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून वापरावे; निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान, स्थिर राहत नाही.

नळाचे पाणी निर्दोष निघाले, तर शोध पेटीत परततो. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते. ४० टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम खाद्यातील सारे नत्र नायट्रेट झाले, तर सुमारे २८० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होईल, म्हणजे १०० लिटरच्या पेटीत लिटरमागे जवळजवळ तीन मिलिग्रॅम. माशांच्या वाढीत त्यातले काही खर्च होते हे खरे, तरी चिमटीचा हिशेब किती महत्त्वाचा आहे ते यावरून दिसते. एके काळी घरोघरी असलेल्या अंडरग्रॅव्हल फिल्टरच्या जाळीखाली वर्षानुवर्षांचा गाळ साठत असे. आजच्या कॅनिस्टर फिल्टरमधला न धुतलेला स्पंजही तेच काम करतो. स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, म्हणजे क्लोरिनमुळे त्यावरचे जिवाणू मरत नाहीत.

वनस्पतींचा उपाय सर्वांत जुना आणि मांजरीच्या परिस्थितीत सर्वांत पटण्यासारखा आहे. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला किंवा मुळे पाण्यात आणि पाने बाहेर ठेवलेला मनी प्लांट हे सारे वाढताना नत्र ओढून घेतात. मात्र वाढलेला भाग छाटून बाहेर काढला तरच ते नत्र पेटीतून जाते; पान आत कुजू दिले, तर सगळे फिरून पाण्यात येते. नदीतील जलपर्णी वेळेवर बाहेर न काढल्यास जे होते तेच येथे लहान प्रमाणात होते.

साचलेले नायट्रेट एका दिवसात उतरवण्याचा मोह टाळायला हवा. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील अल्कता खर्च होते, त्यामुळे दुर्लक्षित पेटीतील सामू हळूहळू खाली गेलेला असतो. अशा पेटीत बोअरचे कठीण, अल्कधर्मी पाणी एकदम भरले, तर सामू चढतो आणि अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असलेला शिल्लक अमोनिया विषारी रूपात येतो. दर दोन-तीन दिवसांनी दहावा भाग पाणी बदलत नेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

नळाचा आकडाही एकदा तपासून कायमचा गृहीत धरता येत नाही. पहिल्या पावसात जमिनीतील साठलेले नायट्रेट खाली उतरते, पुढच्या पावसात ते विरळ होऊ शकते, कालव्याच्या आवर्तनात विहिरींची पातळी बदलते आणि टँकर कोणत्या विहिरीवर भरला जातो हेही बदलते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर अशा किमान दोन तपासण्या आवश्यक आहेत. महापालिकेचे धरणाचे पाणी एखाद्या इमारतीत नव्याने सुरू होते तेव्हा नायट्रेटची अडचण बहुधा मिटते, पण ते पाणी बोअरपेक्षा बरेच मृदू असते आणि त्यात क्लोरिन असते. अशा वेळी क्लोरिन घालवून, जुन्या पाण्यात नवे थोडे-थोडे मिसळत, तीन-चार आठवड्यांत मासे नव्या पाण्यावर न्यावेत.