गेममधलं गाणं किती मिनिटांचं?

‘सुपर मारिओ वर्ल्ड’चं संगीत एमपीथ्रीत उतरवायला बसणाऱ्याला आधी एक वाद मिटवावा लागतो. बोंगो घ्यायचे की नाही? मारिओ एकटा धावतो तेव्हा कोजी कोंडो यांची ती धून साधी वाजते. तो योशी या डायनासोरच्या पाठीवर बसला की तिला बोंगोंचा ठेका मिळतो आणि खाली उतरला की ठेका बंद होतो. गाणं मात्र न थांबता पुढे चालूच असतं. मग मूळ गाणं कोणतं? माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवावीत आणि फाईलच्या नावात स्पष्ट लिहावं. एकच ठेवली तर कोंडोंची अर्धी कल्पनाच हरवते.

अशा वादांचं कारण जुन्या गेमिंग मशीनच्या घडणीत आहे. त्या कॅसेटांमध्ये गाण्याचं ध्वनिमुद्रण नव्हतंच. होत्या त्या सूचना: अमुक वाद्य, अमुक स्वर, इतका वेळ. मशीन सुरू केलं की आतली चिप ते गाणं दर वेळी नव्याने वाजवत असे. त्यामुळे कॅसेटमधून गाणं ‘काढणं’ म्हणजे तयार फाईल उचलणं नसतं. आधी त्या चिपला वाजवायला लावायचं आणि मग ते टिपायचं.

‘सुपर मारिओ वर्ल्ड’ ज्यावर चालतो त्या, 1990 साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम मशीनची ध्वनीचिप सोनीची होती. ती घडवली केन कुतारागी यांनी, पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून नावाजलेले तेच. मुलगी निन्टेंडोच्या मशीनवर खेळताना त्यांनी पाहिली, त्यातला आवाज त्यांना फारच सुमार वाटला आणि सोनीच्या वरिष्ठांना नीट न सांगताच त्यांनी निन्टेंडोसाठी काम सुरू केलं. प्रकरण उघड झाल्यावर नोकरी जायचीच बाकी होती. सोनीचे तेव्हाचे अध्यक्ष नोरिओ ओगा पाठीशी उभे राहिले म्हणून ते वाचले.

या चिपकडे एका वेळी आठ आवाज आणि सगळ्यासाठी मिळून 64 केबी मेमरी. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे 176 केबी घेतो, म्हणजे इथे सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची जागा. त्यातच वाद्यांचे नमुने, गाण्याच्या सूचना आणि त्या वाचणारा प्रोग्राम बसवायचा. नमुने दाबून भरलेले असत, आवाजाची 16 मापं 9 बाइटांत. आणि घुमारा हवा असेल तर तोही याच 64 केबीतून! प्रतिध्वनीच्या दर 16 मिलिसेकंदांना 2 केबी. पूर्ण 240 मिलिसेकंद घेतले तर 30 केबी संपले. संगीतकाराला घुमारा आणि वाद्य यांतून निवड करावी लागे. ‘डाँकी काँग कंट्री’मध्ये डेव्हिड वाइज यांनी पाण्याखालच्या दृश्याला दिलेलं ते तरंगतं संगीत याच अडचणीतून वाट काढत आलं आहे, हे माहीत असेल तर ते आणखी थक्क करतं.

हौशी लोकांनी या अपुऱ्या जागेचाच फायदा उचलला. सगळा कारभार 64 केबीत चालतो ना? मग गाणं सुरू होण्याच्या क्षणी तेवढी मेमरी आणि चिपच्या रजिस्टरांची स्थिती जशीच्या तशी उतरवून घ्यायची. ही एसपीसी फाईल. मैफल सुरू होताना गायक, तबलजी, पेटीवाला सगळे जागच्या जागी गोठवून ठेवावेत आणि हवं तेव्हा ‘सुरू करा’ म्हणावं, तसंच हे. एक फाईल सुमारे 66 केबीची, आणि तीत अख्खं गाणं.

क्षण साधणं मात्र सोपं नाही. उशीर झाला की गाण्याचं तोंड कापलं जातं. त्याच क्षणी खेळात नाणं खणखणलं किंवा दार वाजलं, तर तो आवाजही कायमचा आत अडकतो. या धंद्यातले जुने लोक म्हणूनच आधी कोडमध्ये शिरून खेळाचे बाकीचे आवाज बंद करतात.

त्यातून एक सुंदर गोष्ट हाती लागते. जुन्या मशीनांवर आवाज मोजकेच असल्यामुळे खेळाचे आवाज संगीतातलाच एखादा आवाज काही क्षण हिसकावून घेत. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ उडी मारतो तेव्हा संगीताच्या दोन मुख्य आवाजांपैकी एक तेवढ्यापुरता गप्प होतो. खेळणारा सतत उड्या मारतो, म्हणजे वर्षानुवर्षं खेळूनही गाणं संपूर्ण ऐकलेलं नसतं. टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून केलेल्या मुद्रणात ही भोकं राहतात. संगीतकाराने लिहिलेला प्रत्येक स्वर ऐकायचा तर चिपकडूनच काढून घ्यावा लागतो.

आता वेव्ह किंवा एमपीथ्री करायची. आणि इथे शीर्षकातला प्रश्न आडवा येतो. ही गाणी संपतच नाहीत. शेवटाला आलं की सूचना पुन्हा सुरुवातीकडे पाठवतात आणि खेळणारा पातळी ओलांडेपर्यंत चक्र चालू राहतं. एमपीथ्रीला मात्र शेवट लागतो. रूढ तोडगा असा: दोन फेऱ्या वाजू द्यायच्या, मग दहाएक सेकंदांत आवाज हळूहळू विझवायचा. किती सेकंदांनी विझवायचं हे लिहायला एसपीसीत खास जागा असते. म्हणजे आपण ऐकतो ती गाण्याची लांबी संगीतकाराने नव्हे, फाईल करणाऱ्याने ठरवलेली असते. निन्टेंडोने 2024 मध्ये स्वतःचं संगीत ॲप आणलं तेव्हा त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. अनेक गाणी तिथे 15, 30 किंवा 60 मिनिटांपर्यंत लांबवता येतात. मला हे उत्तर फार आवडलं.

फाईल वाजवणारा प्रोग्राम खरा किती, हा पुढचा पेच. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये स्वतःची गाणी घालणारी हौशी मंडळी बराच काळ ‘झेडस्नेस’ या एमुलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, काम करत. त्याच्यात घुमाऱ्याला मेमरी लागतच नसे, त्यामुळे सगळे बिनधास्त घुमारा ओतत. तीच गाणी अचूक एमुलेटरवर किंवा खऱ्या मशीनवर लावली की प्रतिध्वनी थेट वाद्यांच्या नमुन्यांवर आणि सूचनांवर लिहिला जाई. मग नुसती कर्कश खरखर, किंवा सगळंच ठप्प. किती तरी मेहनतीची कामं अशी एका रात्रीत निकामी ठरली. ‘ब्लार्ग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने या चिपची इतकी काटेकोर नक्कल केली की आज बहुतेक लोक त्याच पायावर उभे आहेत. आणि खरं मशीन तरी एकसारखं कुठे आहे? कागदावर ही चिप सेकंदाला 32,000 मापं देते; प्रत्यक्षात तिचा वेग जरा जास्त भरतो आणि तापमानानेही किंचित हलतो.

काही गाण्यांपुढे एसपीसीही हात टेकते. 1995 च्या ‘टेल्स ऑफ फँटेजिया’त सुरुवातीला चक्क गायलेलं गाणं आहे. ते 64 केबीत मावणार नाही म्हणून कॅसेटमधून तुकड्या-तुकड्यांनी चिपला भरवलं जातं. एका क्षणाची मेमरी टिपून तिथे काय होणार? पुढे प्लेस्टेशनच्या सीडी आल्या आणि काही खेळांचं संगीत सरळ सीडी प्लेअरवर वाजू लागलं. ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’ची चकती साध्या प्लेअरमध्ये घातली तर नायक अलुकार्ड स्वतः बजावतो की पहिला ट्रॅक वाजवू नका, त्यात संगणकाची माहिती आहे.

एसपीसीत विझवण्याच्या सेकंदांशेजारी दोन नावांची जागा असते, फाईल काढणाऱ्याची आणि संगीतकाराची. दुसरी भरताना घाम फुटतो. त्या काळी जपानी कंपन्या आपली माणसं दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून श्रेयनामावलीत टोपणनावं घालत. ‘स्ट्रीट फायटर टू’ला अजरामर संगीत देणाऱ्या योको शिमोमुरा तिथे ‘शिमो-पी’ आहेत. या टोपणनावांमागची माणसं शोधून प्रत्येक फाईलवर खरं नाव चढवायचं काम चाहत्यांनी केलं, तेही विनामोबदला. निन्टेंडोचं ॲप आलं तेव्हा त्यात गाण्यांवर संगीतकारांची नावंच नव्हती. ज्यांच्याकडे सगळे हक्क आणि सगळी कागदपत्रं आहेत, त्यांनी हे करावं याचा मला राग येतो.

शेवटी आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे आलं, त्या बहुतांशी सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या निन्टेंडो मशीनच्या, फॅमिकॉमच्या, नकला होत्या. अशा नकलांमधल्या अनेक चिपांत एक गफलत आहे. मुख्य सुरावट वाजवणारा चौकोनी तरंग प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहतो, त्यानुसार त्याचे 25 टक्के आणि 50 टक्के असे प्रकार होतात; या दोहोंची इथे अदलाबदल झालेली आहे. स्वर तेच राहतात, पण जिथे पोकळ नाद हवा तिथे बारीक, नाकातला येतो आणि उलट. त्यामुळे ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’चं अस्सल संगीत आज ऐकून कुणी म्हणाला की हे आमच्या घरी असं वाजायचं नाही, तर त्याचा कान चुकलेला नसेल. ‘मेसेन’सारख्या एमुलेटरच्या सेटिंगमध्ये ही अदलाबदल मुद्दाम करता येते. ती निवडून एक वेगळी प्रत काढावी, दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाईलमध्ये ठेवावी आणि नावात ‘क्लोन’ असं लिहावं. मूळ संगीतकाराने लिहिलेली प्रत तिच्या शेजारी असायला काहीच हरकत नाही.