स्फोट झालेला तारा ढगाला धडकतो तेव्हा

चाकणची कारखानदारी मागे टाकून नाशिक महामार्गाने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडद लागतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथेच आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पसारा २५ किलोमीटरचा. तबकडीला पत्रा नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र परततात.

अतिनवताऱ्यांचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे, अवशेष अशा लहरींचे ठळक स्रोत. स्फोटाच्या धक्क्याने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत त्या सोडतात.

खरी रंगत येते ती हा धक्का ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगावर आदळल्यावर. मिथुन राशीतला आयसी ४४३ हा अवशेष सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या ईशान्येला, तुलनेने विरळ वायूत, धक्क्याचा वेग सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेच्या दाट रेणवीय ढगात तो ३०वर येतो. तिथे तापलेला हायड्रोजन अवरक्त प्रकाशात झळकतो आणि हायड्रॉक्सिलचे रेणू १७२० मेगाहर्ट्झवर मेसर उत्सर्जन करतात. टक्कर झाल्याची ही सर्वांत भरवशाची खूण.

२०१३ मध्ये फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांनी आणखी मोठी गोष्ट दाखवली. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ इथे वेगवान प्रोटॉन ढगातल्या वायूवर आपटून पायॉन तयार होतात आणि त्यांच्या विघटनातून गॅमा किरण निघतात. विश्वकिरणांतले प्रोटॉन अशा अवशेषांत वेग घेतात, याचा हा थेट पुरावा.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा. तबकड्यांजवळ मोबाइल मात्र बंद ठेवा.