भयाचें माप आणि भाषांतर

ज्वर मोजण्यास पारा आहे. भय मोजण्यास माणसाच्या उत्तरांवांचून दुसरें सोपें साधन नाहीं. तेथें प्रश्नावलीचे शब्द हाच पारा, आणि एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत ओततांना तो किती सांडला, हें तपासल्यावांचून त्या मापावर विश्वास ठेवतां येत नाहीं.

२०२० सालीं कोव्हिडची सांथ पसरूं लागली, तेव्हांच इराणांत अशी एक प्रश्नावली तयार झाली. अहोर्सू, लिन, पाकपूर प्रभृति संशोधकांनीं ७१७ इराणी लोकांचीं उत्तरें तपासून तींत अवघीं ७ वाक्यें ठेविलीं. रोगाचें फार भय वाटतें, त्याचा विचारहि नकोसा होतो, प्राण जाण्याची धास्ती वाटते, बातम्यांनीं जीव घाबरा होतो, झोंप लागत नाहीं, हात ओलसर होतात, छाती धडधडते, अशा आशयाचीं तीं वाक्यें. प्रत्येकास संमतीप्रमाणें १ ते ५ गुण; एकूण ७ ते ३५. कांहीं महिन्यांतच बंगाली, इटालियन, तुर्की, हिब्रू इत्यादि भाषांत तिचीं रूपांतरें झालीं.

रूपांतराची रीत ठरलेली आहे. दोघांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावयाचें, तीं जुळवून एक करावयाचें, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून तें उलट मूळ भाषेंत न्यावयाचें. उलट भाषांतर जुळलें कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. शब्दास शब्द ठेवून केलेलें भाषांतर उलटविलें तर मूळ वाक्य बिनचूक परत येतें. मधलें वाक्य मात्र कोणाच्याहि तोंडचें नसतें. शिवाय मे महिन्यांत मुंबईस ज्याचे हात घामेजले, तो भ्यालेलाच असेल असें थोडेंच आहे! यास्तव सामान्य माणसांस वाक्य वाचावयास देऊन 'यांतून काय समजलें?' असें विचारावें लागतें. ही पायरी घाईंत गाळली जाते, आणि तीच सर्वांत मोलाची.

पुढें आंकड्यांची परीक्षा. सातहि वाक्यें एकाच दिशेनें बोलतात काय, हें ० ते १ अशा गुणकानें पाहतात; इराणांत तो ०·८२ आला. अर्थात् एकच गोष्ट सात प्रकारें विचारली तर हा आंकडा आपोआप फुगतो. कांहीं दिवसांनीं त्याच माणसांस पुन्हा विचारून उत्तरें किती टिकतात, हेंहि पाहतात. पण सांथींत भयच आठवड्या-आठवड्यास बदलतें, तेथें दोष मापाचा कीं काळाचा?

इराणी उत्तरांत भय एकसंध दिसलें. इस्राएलांत हिब्रू रूपांतर तपासलें तेव्हां मात्र त्याचे दोन भाग पडले: एक मनाचा, दुसरा देहाचा. हा भेद केवळ पंडिती नाहीं. दोन माणसांस सारखेच २० गुण मिळतील. एक नुसती चिंता बोलून दाखवील, दुसऱ्याची झोंप उडालेली असेल. बेरीज पाहणाऱ्या वैद्यास दोघे सारखेच. तसेंच, मापाची घडण दोन्हीं भाषांत एकच आहे असें सिद्ध होईपर्यंत अमक्या देशांतील लोक तमक्याहून भित्रे, असें म्हणण्यास आधार नाहीं.

आणि उत्तरें दिलीं कोणीं? टाळेबंदीमुळें बऱ्याच ठिकाणीं प्रश्नावली मोबाईलवरून फिरली. ज्यांच्यापाशीं फोन, अक्षरओळख आणि सवड होती त्यांनीं ती भरली. २०२० च्या उन्हाळ्यांत मुंबईहून पायीं गांवीं निघालेल्या मजुरांचें भय अशा रीतीनें कोणत्याहि बेरजेंत येणें शक्य नव्हतें.