विहिरीच्या पाळीचा तंटा : पंच कीं कचेरी ?

फलटण तालुक्याच्या उत्तरभागास नीरा उजव्या कालव्याचें पाणी मिळतें. कालव्यापासून दूरच्या गांवीं मात्र पुष्कळांचा भरंवसा विहिरीवरच असतो. वडिलोपार्जित विहिरींत चार भावांचे चार चार आणे हिस्से, आणि पाण्याच्या पाळ्या दिवसांनीं ठरलेल्या, ही जुनी वहिवाट मोटेच्या काळची होय. बैल दिवसभरांत ओढतील तितकेंच पाणी त्या वेळीं निघे. म्हणून दिवस हेंच माप पुरेसें होतें. आतां ज्याचा विजेचा पंप मोठा, तो आपल्या एका दिवसांत विहीर तळास नेतो, व पुढील हिस्सेदारास आपल्या पाळीचा दिवस झरे भरण्याची वाट पाहण्यांत घालवावा लागतो. तंटा येथेंच उद्भवतो.

असा तंटा प्रथम गांवच्या जाणत्या पंचांपुढें न्यावा, असें आमचें मत आहे. उन्हाळ्यांत कोणती विहीर किती वेळांत भरते, हें त्यांस ठाऊक असतें. दिवसाऐवजीं तासांचें किंवा पाण्याच्या उंचीचें माप तेच सुचवूं शकतात. कचेरींतील कारकुनास तें कोठून सुचावें ?

परंतु यांत एक धोका आहे. कोणी पाळीच बंद पाडली, किंवा शेतास जाण्याची वहिवाटीची वाट अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें तहशीलदार ती पुन्हा चालू करवूं शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. पंचांची बैठक सुगीनंतर, मग लग्नसराईनंतर, असें करतां करतां सहा महिने उलटतात, आणि हातीं दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग तेवढा उरतो. बैठक खुशाल चालूं द्यावी; दावा मुदतींत दाखल करावाच. शेजाऱ्यास त्याचा राग येईल हें खरें, पण तडजोड पुढेंही करतां येते.

तडजोड झालीच तर ती तोंडी ठेवूं नये. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावरांत नवा हक्क देणारा लेख १९०८ च्या कायद्याप्रमाणें नोंदवावा लागतो. शिवाय सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरीं त्याची नोंद करून घ्यावी. वाटेविषयीं तर अधिकच जपावें. शेजाऱ्याच्या परवानगीनें वीस वर्षें गाडी नेली, तरी तेवढ्यानें १८८२ च्या कायद्याखालीं हक्क उत्पन्न होत नाहीं. ती वहिवाट उघडपणें, विनाअडथळा व हक्कानें झालेली असावी लागते.

पंचांचा निकाल न मानणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकण्याची धमकी कोठें कोठें दिली जाते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानें हा गुन्हा ठरविला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अशी धमकी येतांच पंचांची बैठक सोडून पोलीस ठाण्यांत जावें.