हात टेकवला आणि मनगट मोडलं

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाणी दिल्यावर काळ्या मातीत पाय सटकतो, नाहीतर धुळ्या-जळगावातल्या घरी न्हाणीच्या ओल्या फरशीवर. जागा कोणतीही असो, तोल गेला की हात आपोआप पुढे जातो, कोपर ताठ होतं, पंजा मागे वळतो आणि तळहात जमिनीवर आदळतो. डोकं-तोंड वाचवायची ही शरीराची धडपड. ती बहुधा साधतेही, पण भुर्दंड मनगटाला पडतो.

कोपराखाली दोन हाडं असतात. करंगळीकडचं अल्ना मनगटापाशी बारीक होतं, तर अंगठ्याकडचं रेडियस तिथेच रुंद होतं. तळहातातून येणाऱ्या भारापैकी सुमारे 80 टक्के भार रेडियसच घेतं. मात्र सांध्याजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरांत त्याचं कवच पातळ असतं आणि आतलं हाड जाळीदार. मोडतं ते बहुधा इथेच.

आता नीट पाहा. वरून अंगाचा भार येतो, खालून जमिनीचा रेटा. पंजा मागे वळलेला असल्याने रेडियस नुसतं दाबलं जात नाही, वाकतंही. तळव्याकडची बाजू ताणली जाते, पाठीकडची चेपते. हाड दाब जितका सोसतं तितका ताण सोसत नाही. म्हणून पहिली चीर तळव्याकडे पडते, आणि पाठीकडे पोचेपर्यंत तिथल्या जाळीचा चुरा झालेला असतो. तुटलेलं टोक मागे झुकतं आणि मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचं वर्णन 1814 मध्ये लिहिलं. क्ष-किरण सापडले 1895 मध्ये! निव्वळ पाहून आणि चाचपून त्यांनी हे ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुलांचं हाड लवचीक, ते पुष्कळदा तुटण्याऐवजी दुमडतं. पाळी थांबल्यावर बायकांच्या हाडांची जाळी झपाट्याने विरळ होत जाते, मग उभ्याउभ्या पडणंही पुरतं. आणखी वय झालं की हात वेळेवर पुढे येत नाही आणि खुबा मोडतो.

पडताना कोपर थोडं वाकलेलं राहिलं, तर धक्का जरा जास्त वेळात विभागला जातो आणि त्याचा जोर उतरतो. मोडल्यावर मात्र ओढून, चोळून बसवू नका. तिथूनच बोटांची नस जाते. सूज चढण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढा, खाली जाड पुठ्ठा बांधून हात गळ्यात अडकवा आणि दवाखाना गाठा. प्लास्टरमध्ये बोटं हलती ठेवा. ती बधिर किंवा निळी पडली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पन्नाशीपुढे साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर हाडांची घनता तपासायला आपणहून सांगा; पुष्कळ घरांत प्लास्टर निघालं की विषय तिथेच संपतो.