दाढेच्या आकाराची खूण

जूबेर सिंड्रोम या दुर्मिळ जनुकीय विकारात लहान मेंदूच्या दोन अर्धगोलांना सांधणारा मधला पट्टा, म्हणजेच व्हर्मिस, अपुरा वाढतो किंवा तयारच होत नाही. मेरी जूबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली कॅनडात त्याचे वर्णन केले. अंगाचा सैलपणा, डोळ्यांच्या अस्वाभाविक हालचाली आणि श्वासाची अनियमित लय ही लक्षणे इतर आजारांतही आढळत असल्यामुळे केवळ त्यांवरून निदान करणे अवघड जाते. एमआरआयच्या आडव्या छेदचित्रात मात्र, लहान मेंदूला मध्यमेंदूशी जोडणारे चेतातंतूंचे जुडगे जाड व लांबट झालेले असल्याने, दाढेसारखी आकृती स्पष्ट उमटते. ही तपासणी क्ष-किरणांवर नव्हे, तर चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींवर चालते, हा बालकांच्या दृष्टीने मोठाच लाभ होय. परंतु बाळ निश्चल राहावे म्हणून त्याला अनेकदा औषधाने झोपवावे लागते, आणि ज्याच्या श्वासाची लयच बिघडलेली आहे अशा बाळाच्या बाबतीत ही जोखीम अतिशय जपून पत्करावी लागते. कारणीभूत जनुके तीसहून अधिक असल्यामुळे ही खूण सापडल्यावरही जनुकीय तपासणी आवश्यक ठरते, आणि डोळ्यांचे दृष्टिपटल, मूत्रपिंडे व यकृत यांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.